दोन चुली, एक घर : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

दिवाळीपूर्वीचे घर आवरणे सुरू झाले की आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटाची पाळी शेवटी येते. डबे घासून होतात, माळ्यावरची भांडी खाली उतरतात, गाद्यांना ऊन दाखवून होते, आणि मग कोणीतरी फडके घेऊन कपाटापुढे बसते. बसते ते लवकर उठत नाही. कारण पुसायला म्हणून हाती घेतलेले पुस्तक हमखास उघडले जाते. यंदा ही पाळी माझ्यावर आली आणि हाती लागले ते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. पाठीचा पुठ्ठा सुटलेला, मधल्या काही पानांवर तुपाच्या बोटांचे डाग. ही प्रत माझ्या आत्याची.

आत्या कडक सोवळ्याची. पण वाचनाचा नाद दांडगा. करंज्या भरायला घरातल्या बायका बसल्या की आत्या भिंतीला टेकून हे पुस्तक मोठ्याने वाची. टिळकांची विसराळू स्वारी, लक्ष्मीबाईंची फजिती, आगगाडीतले आणि बाजारातले घोटाळे हे सारे ऐकताना बायका इतक्या हसत की करंजीची कड मुडपायची राहून जाई. परंतु एका ठिकाणी आले की आत्या पुस्तक मिटी. ‘आता पुरे. उरलेलं पुढच्या वर्षी,’ असे म्हणे. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात होई आणि पुन्हा त्याच ठिकाणी पुस्तक मिटे. ते ठिकाण कोणते हे मला कित्येक वर्षांनी, पुस्तक स्वतः वाचले तेव्हा कळले. त्याविषयी पुढे सांगेनच.

‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे, चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. आईने आठवणी लिहायला घेतल्या त्या टिळकांच्या, आणि हातून लिहून झाले ते स्वतःचे आत्मचरित्र! लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरओळख झालेल्या, व्याकरणाशी कधी सख्य न जमलेल्या एका बाईने मराठी गद्याला हे लेणे द्यावे, याचे कौतुक तेव्हापासून आजवर चालू आहे. विजया मेहतांनी त्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट केला, सुहास जोशींनी त्यातली लक्ष्मीबाई घराघरांत पोचविली. पुस्तकाची इंग्रजी भाषांतरेही एकाहून अधिक झाली. कौतुकाला उणे नाही. परंतु कौतुकाची भाषा मात्र ठरून गेली आहे. ‘निर्व्याज’, ‘प्रांजळ’, ‘खेळकर’ ही तीन विशेषणे लावली की या पुस्तकाचे ऋण फेडले असे आपण मानतो.

ही विशेषणे खोटी नाहीत. पण ती अपुरी आहेत, एवढेच मला येथे म्हणावयाचे आहे. या पुस्तकाच्या हसऱ्या ओळींखाली एक अवघड प्रश्न उभा आहे, आणि तो लक्ष्मीबाईंबरोबर संपलेला नाही. एकच माणूस एकाच वेळी किती घरांचे असू शकते? जन्माने एका जातीचे, श्रद्धेने दुसऱ्या धर्माचे, भाषेने तुकोबांचे, आणि न्यायबुद्धीने ज्यांना आपल्याच लोकांनी गावाबाहेर ठेवले त्यांचे, असे चारही बाजूंनी बांधलेले आयुष्य जगायचे तर कसे? पुष्कळांनी यावर ग्रंथ लिहिले. लक्ष्मीबाईंनी संसार करून दाखविला.

धुतलेले मीठ

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. पुस्तकाचा आरंभ होतो तो वडिलांच्या सोवळ्याच्या वर्णनाने. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही. मीठसुद्धा त्यातून सुटत नसे! आता मीठ धुतल्यावर हाती काय राहणार? वाचक खो खो हसतो. पण लक्ष्मीबाई लगेच या सोवळ्याचे मूळही सांगून ठेवतात. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्याने घर हादरले आणि वडिलांच्या मनात विटाळाची भीती कायमची ठाण मांडून बसली.

हसणे इथे थांबते. ज्याला आपण धर्म म्हणत होतो तो या घरात एका भ्यालेल्या माणसाचा बचाव होता, हे ध्यानी येते. राज्य गेले, घरातले माणूस फासावर गेले. आपल्या हाती राहिले काय, तर उंबरठ्याच्या आतले पाणी. मग तेच जिवाच्या आकांताने सांभाळायचे. माणसाची ओळख बाहेरून हिसकावली गेली की जे उरते त्याला तो असाच घट्ट धरतो. हे तत्त्व लक्ष्मीबाई कुठेही सांगत नाहीत. त्या फक्त धुतलेले मीठ दाखवितात.

आणि आणखी एक गोष्ट. या वडिलांविषयी त्यांच्या मनात चीड नाही. त्या सोवळ्याचा जाच सर्वांत अधिक घरातल्या बायकामुलांना झाला, तोही त्यांनी झाकून ठेवलेला नाही. परंतु पुढे स्वतः ते सारे टाकून दिलेली ही बाई मागे वळून बापाला उपहासाच्या खुंटीवर टांगत नाही. सुधारकांच्या आत्मचरित्रांत ही दानत दुर्मिळ असते. जुने घर सोडताना ते वाईट होते असे सिद्ध करावेच लागते, अशी पुष्कळांची समजूत दिसते. लक्ष्मीबाईंना तशी गरज भासली नाही.

पाच वर्षांचे अंतर

वयाच्या अकराव्या वर्षी मनूची लक्ष्मी झाली आणि टिळकांच्या घरात आली. नवरा कवी, विद्वान, उदार आणि क्षणाक्षणाला बदलणारा. आज नोकरी धरली, उद्या सोडली. आज घरी, उद्या कुठे ते देवालाच ठाऊक. घरात काही आणायला धाडावे तर भलतेच काही घेऊन परतणारा. अशा या माणसाच्या मनात धर्माविषयी मात्र अखंड शोध चालू होता. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक खिळले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत आणि तरी नसल्यासारखा! नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी नातलगांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. टिळकांची पत्रे येत. त्यांतले प्रेम खरे होते आणि त्यांनी केलेला घावही खरा होता. हा भाग वाचताना मला नेहमी वाटते की लेखिका म्हणून लक्ष्मीबाईंची खरी थोरवी इथे आहे. लिहिताना त्या पासष्टीच्या पुढे आहेत. ख्रिस्ती होऊन त्यांना तीस-पस्तीस वर्षे झालेली आहेत. तेव्हाचा आपला आकांत अज्ञानाचा होता, पुढे प्रकाश दिसला, असे म्हणून जाणे किती सोपे होते! धर्मांतराच्या कथांचा हा ठरलेला साचाच आहे : आधी अंधार, मग उजेड. लक्ष्मीबाई हा साचा नाकारतात. 1895 सालची लक्ष्मी 1895 सालचेच बोलते. तिला नवरा ‘बाटला’ असेच वाटते, तिचे रडणे खरे, तिचा संताप खरा, आणि म्हातारी लक्ष्मीबाई मध्ये तोंड घालून तिला गप्प करीत नाही.

माणसाच्या अनेक ओळखी म्हणजे काही एकाच काळी अंगावर घातलेले चार दागिने नव्हेत. कालची आपण आणि आजची आपण, याही दोन ओळखीच. आजच्या आपल्याने कालच्या आपल्याला बोलू देणे, हा सहिष्णुतेचा पहिला धडा होय. जो स्वतःच्या कालच्या श्रद्धेचा मान राखू शकत नाही तो शेजाऱ्याच्या आजच्या श्रद्धेचा मान कसा राखणार?

आत्याने मिटलेले पान

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई टिळकांकडे, त्या वेळच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहावयास आल्या. आल्या, पण आपला धर्म घेऊन आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. एका छपराखाली ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली ब्राह्मण बायको! टिळकांचे मोठेपण असे की त्यांनी या दुसऱ्या चुलीवर कधी जबरदस्ती केली नाही. मिशनच्या लोकांनाही ते चमत्कारिक वाटले असेल, आणि नाशिकच्या लोकांना तर वाटलेच असणार. पण घर चालले. आज ‘सहजीवन’ वगैरे मोठे शब्द आपण वापरतो. त्या शब्दांचा रोजचा अर्थ मला तरी या दोन चुलींत सापडतो. भिन्न श्रद्धांची माणसे एकत्र नांदतात ती श्रद्धा एक झाल्यावर नव्हे; आधी नांदावे लागते, मग काय व्हायचे ते होते.

आणि इथेच ते पान येते. टिळकांनी कित्येक महिने केलेल्या युक्तिवादाने जे झाले नव्हते ते लक्ष्मीबाईंच्या मनात आपले आपण झाले. देवाने माणसे निर्माण केली. मग जाती कोणी केल्या? हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, स्वतःच सोडविला, आणि जात माणसाने केलेली आहे असे एकदा पटल्यावर, कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपली हरकत नाही असे ठरवून टाकले. घटनांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या तेव्हा ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो पुढे, 1900 साली. म्हणजे लक्ष्मीबाईंनी धर्म बदलला म्हणून जात सोडली असे झाले नाही. त्यांनी जात सोडली ती हिंदू असताना. न्यायाची जाणीव आधी आली, श्रद्धेचे नवे नाव मागाहून आले.

आत्या नेमकी इथे पुस्तक मिटत असे. तिला टिळकांचे ख्रिस्ती होणे चालत होते. ते पुरुषांचे, कवीचे, विक्षिप्त माणसाचे काम. धर्मांतराची गोष्ट ती रस घेऊन वाची, लक्ष्मीबाईंच्या विरहावर डोळे पुशी. तिला पचत नव्हते ते हे पान. कारण धर्मांतर दुसऱ्याच्या घरात होते. हे पान तिच्या स्वयंपाकघरात होत होते! टिळकांना ‘ते ख्रिस्ती झाले’ म्हणून दूर ठेवता येते. पण सोवळ्यात असतानाच, कोणा पाद्र्याच्या सांगण्यावाचून, एक गोखल्यांची मुलगी ‘जात खोटी’ म्हणते, तिला दूर कसे ठेवणार? हे आत्याला समजले होते. न समजणारी बाई पुस्तक मिटती ना.

या संदर्भात पंडिता रमाबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. रमाबाई विद्वान, लक्ष्मीबाई अल्पशिक्षित. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई नवऱ्यामागून खेचल्या गेल्या. तरीही दोघींत एक नाते आहे. ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी जो पत्रव्यवहार केला तो मुळातून वाचण्यासारखा आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्या विचारतात. आपला शाकाहार सोडावयास त्या तयार नाहीत. ख्रिस्त स्वीकारला म्हणून कोणा धर्मपीठाला आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकणार नाही, असे त्या बजावतात. रमाबाईंनी वाद घालून जे मिळविले ते लक्ष्मीबाईंनी हसत हसत मिळविले. एकीचे शस्त्र तर्क, दुसरीचे विनोद. पण दोघींचे म्हणणे एकच : मी नव्या घरात आले आहे, जुन्या घरातली माझी भांडी मात्र माझ्याबरोबर येतील.

तुकोबांचा पूल

या भांड्यांत सर्वांत मोलाचे भांडे मराठी भाषेचे होते. मराठीत ख्रिस्तकथा काही टिळकांनी प्रथम आणली नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात 1616 साली छापले गेले, आणि ते ओवीत आहे. परदेशातून आलेल्या माणसालाही इथल्या माणसाच्या काळजाला हात घालायचा तर ओवीच गावी लागली. टिळकांना ती शिकावी लागली नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. त्यांची कीर्तने आणि त्यांचे अभंग आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत गायिले जातात. रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांची गोष्ट तर आणखी मौजेची. पुढे या अमेरिकन मिशनऱ्याने उतारवयात महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी भाषांतरे करण्याचे मोठे काम हाती घेतले. टिळक तुकोबांकडून ख्रिस्ताकडे आले, आणि हा मिशनरी तुकोबांना अमेरिकेकडे घेऊन निघाला! पूल बांधला की त्यावरून दोन्ही बाजूंनी जा-ये होते, ती अशी.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. ती फार काळ टिकली नाही, कारण 9 मे 1919 रोजी टिळकच गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. ख्रिस्ती उपदेशकाचे दहन! आयुष्यभर दोन घरांमध्ये फेऱ्या घालणाऱ्या माणसाने शेवटचा पत्ताही दोहोंचा मिळूनच दिला. त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे पुरे केले, हेही येथे नोंदविले पाहिजे. ज्या बाईने एकेकाळी नवऱ्याच्या धर्मापायी जीव नकोसा करून घेतला होता, तिनेच त्याचे अर्धे राहिलेले ख्रिस्तचरित्र शेवटास नेले.

त्यांच्या नगरच्या घरात बालकवी ठोंबरे राहून गेले हे आपण शाळेत शिकतो. बालकवी हिंदू होते आणि हिंदूच राहिले. टिळकांच्या घराचा दरवाजा कवितेसाठी उघडा होता; आत येणाऱ्याने कोणता देव बरोबर आणला आहे हे विचारण्याची तेथे रीत नव्हती.

जे चित्र उतरले नाही

येथवर मी पुस्तकाची बाजू मांडली. आता एक उणीव सांगितली पाहिजे, नाहीतर ही परीक्षणाऐवजी आरती व्हायची.

अमेरिकन मराठी मिशनच्या नगर भागातील मंडळ्यांत ब्राह्मण मूठभर होते. बहुसंख्य ख्रिस्ती आले ते महार आणि मांग समाजांतून. ‘स्मृतिचित्रे’त ही माणसे आहेत. लक्ष्मीबाई त्यांच्यात वावरतात, त्यांच्या आजारपणात धावून जातात, परक्यांची मुले पोटाशी धरतात. यात लवमात्र खोटेपणा नाही. परंतु त्या माणसांचे मन आपल्याला दिसते ते लक्ष्मीबाईंच्या ओसरीवरून. ख्रिस्ती झाल्यावर टिळकांचे काय गेले ते आपल्याला पानोपानी कळते : नातलग, मानमरातब, बायकोचा सहवास. पण त्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेल्या माणसाचे काय गेले, त्याला काय मिळाले, आणि जे मिळेल म्हणून तो आला होता ते मिळाले की नाही, हे या पुस्तकाला ठाऊक नाही. टिळक पंडित होते म्हणून त्यांचे धर्मांतर ही बातमी झाली. मागच्या बाकावरच्या माणसाची फक्त संख्या झाली.

आणखी एक भेद आहे. टिळकांनी आपला जुना वारसा बरोबर आणला तो संस्कृत, कीर्तन, अभंग अशा रूपाने. तो वारसा म्हणजे धन होते. मागच्या बाकावरच्या माणसाने जे बरोबर आणले, किंबहुना जे त्याने आणले नाही तरी त्याच्या मागे आले, ती अस्पृश्यता होती. एकाची दुहेरी ओळख म्हणजे दुहेरी मिळकत, दुसऱ्याची दुहेरी ओळख म्हणजे दुहेरी कर्ज. अनेक ओळखींचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब विसरता कामा नये.

हा हिशेब आजही मिटलेला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता राहिला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेरच आहेत. त्यांना हा दर्जा द्यावा की नाही याचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. कायद्याची बाजू विद्वानांनी पाहावी. त्यात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मला दिसते ते एवढेच की ज्या गावात पाणवठ्यावरची वागणूक धर्मांतराने बदलत नाही, त्या गावातल्या माणसाला ‘तुझी श्रद्धा सांग नाहीतर तुझे दुःख सांग, दोन्ही एकदम सांगू नकोस’ असे म्हणण्यासारखे हे आहे. लक्ष्मीबाईंना असा कागद कोणी पुढे केला नव्हता. त्यांच्या दोन चुली त्यांच्या मर्जीने मांडलेल्या होत्या आणि त्यांच्याच मर्जीने एक झाल्या.

तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ अपुरे आहे काय? होय. परंतु त्याचे अपुरेपण खोटेपणाचे नाही. लक्ष्मीबाईंनी जे पाहिले तेवढेच लिहिले, दुसऱ्याच्या दुःखाचा अभिनय केला नाही. पुढच्या पिढ्यांत दलित आत्मकथनांनी मागच्या बाकावरून लिहायला सुरुवात केली. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि ‘स्मृतिचित्रे’ ही दोन पुस्तके एकाच फळीवर शेजारी ठेवावीत, असे मला वाटते. एक दुसऱ्याचे उत्तर नव्हे. एक दुसऱ्याची उरलेली बाजू आहे.

हसण्याचा उपयोग

शेवटी विनोदाकडे वळले पाहिजे, कारण या पुस्तकाचा प्राण तोच आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद ही स्वभावाची देणगी होती हे खरे. पण तो जगण्याचा एक मार्गही होता. ज्याला आपल्या एकाच ओळखीचा अभिमान आहे त्याला हसता येत नाही. हसले की अभिमानाला तडा जातो. दोन घरांत वावरणाऱ्याला हसावेच लागते. पहिल्या घराला दुसरे घर विचित्र दिसते, दुसऱ्याला पहिले. आणि दोन्ही घरे ज्याची आहेत त्याला दोन्ही विचित्र दिसतात आणि दोन्ही लाडकी असतात. लक्ष्मीबाई सोवळ्याला हसतात, मिशनऱ्यांच्या मराठीला हसतात, टिळकांना हसतात, आणि सर्वांत अधिक स्वतःला हसतात. ज्यांना त्या हसल्या नाहीत अशी माणसे पुस्तकात फार थोडी असतील. ज्यांचा त्यांनी अपमान केला असे मात्र एकही आढळणार नाही.

आजच्या आपल्या बोलण्यातून हे हसणे उणावत चालले आहे, असे कधीकधी वाटते. 2020 साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले तेव्हा, ते धर्मगुरू आहेत म्हणून आक्षेप घेणारे निघाले. ज्या भाषेत चारशे वर्षांपूर्वी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, त्या भाषेच्या संमेलनात! दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ मराठीत आहे आणि त्यांचे मन वसईच्या हिरव्या मातीत होते. मराठी असणे आणि ख्रिस्ती असणे यांत त्यांना निवड करावी लागली नव्हती. निवड करा म्हणून सांगणारे आपण होतो.

आता आत्याकडे परत जाऊन संपवितो. आमच्या घरातल्या एका मुलीने वसईकडच्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न ठरविले, त्या वर्षीची दिवाळी अवघडलेली गेली. कोणी भांडले नाही. भांडण बरे, अशी ती शांतता होती. आत्या तेव्हा ऐंशीच्या घरात होती आणि तिला अक्षर नीट दिसत नव्हते. करंज्या भरायला बसल्यावर तिने पुस्तक आणविले आणि माझ्या हाती दिले. ‘वाच. मी सांगेन तिथून,’ म्हणाली. पाने उलटायला लावून तिने जे ठिकाण काढविले ते तेच, दरवर्षी पुस्तक मिटायचे. मी वाचीत गेलो. जात कोणी केली, इथे आलो तेव्हा खोलीत कढईतल्या तुपाचाच काय तो आवाज. पान संपले. आत्या काही वेळाने म्हणाली, ‘बाई खरं बोलते. पण माझ्याच्यानं नाही व्हायचं ते.’ मग थोडे थांबून त्या मुलीकडे न पाहता म्हणाली, ‘तुझ्या सासूला करंज्या आवडतात का विचार. डबा देऊ.’

आत्याने सोवळे शेवटपर्यंत सोडले नाही. डबा मात्र दरवर्षी वसईला जात राहिला, आणि नाताळात तिकडून भरून परत येत राहिला. त्यातले आत्या खात नसे. पण डबा रिकामा परत गेलेला तिला चालत नसे.

पुस्तकाला मी नवा पुठ्ठा घालणार आहे. तुपाचे डाग मात्र तसेच राहू देणार आहे.